सायकलीची नवी बॅटरी, जुना चार्जर

सास्तूरच्या पलीकडं एका वस्तीवर माझी अंगणवाडी आहे. तिथं जायला बस नाही. गुडघा दुखायला लागला तेव्हा मी विजेवर चालणारी सायकल घेतली. दोन उन्हाळे ती बिनतक्रार चालली, आणि मग तिची शिशाची जड बॅटरी बसली. रात्रभर चार्जिंगला लावली तरी सकाळी गावाची वेस ओलांडेना.

सगळे म्हणाले, आता लिथियमची घे. हलकी असते, टिकते, लवकर भरते. पण कुठली लिथियम, किती व्होल्टची, किती अँपिअरची, हे कुणी सांगेना. जुन्या बॅटरीवरचा कागद उन्हानं पांढरा पडला होता. शेवटी जुनी बॅटरी आणि चार्जर पिशवीत घालून मी धाकट्या दिरांबरोबर उमरग्याला गेले.

हायवेला लागून दुकान होतं. बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत होते, त्यामुळं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागत होती. मी विचारायची आणि दुकानदार उत्तर द्यायचा दिरांना.

"दादा, छत्तीस व्होल्टची घ्या. लई चालती."

"चढावर चालेल का?" मी विचारलं. "मागं वजनकाटा असतो, पोषण आहाराची पाकिटं असतात."

"दादा, सपाटीला तर बघायचंच न्हाय."

"मी चढाचं विचारतेय."

"चालतंय की ताई, चालतंय." हे मात्र तो माझ्याकडं बघून म्हणाला, लहान मुलाला गप्प करावं तसा.

बॅटरी घेऊन निघताना मी विचारलं, "चार्जर नवा लागेल का?"

"कशाला? छत्तीसला छत्तीस. जुनाच लावा."

घरी येऊन बॅटरी चार्जिंगला लावली. चार्जरचा दिवा तासाभरानं हिरवा झाला. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं बघते तर परत लाल. मग हिरवा, मग पुन्हा लाल. भरली म्हणावं की नाही, काही कळेना. त्यात दुपारी लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही.

त्यात भर आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. मी बाहेर गेले की त्या येऊन बटण बंद करायच्या.

"आत्या, तुम्ही परत बंद केलंत?"

"वास येतोय गं त्याचा. पलास्टिक तापल्यावानी."

"नवी वस्तू आहे, येतो थोडा वास. अर्धवट राहिली तर मी उद्या जाऊ कशी?"

"पायी जा. घर जाळून घ्यायचं न्हाय मला."

रोज हेच. मी बटण चालू करायची, त्या बंद करायच्या. कुणाला सांगितलं तर हसायचे, आणि माझी तर रोजची चिडचिड. सायकल एखाद्या दिवशी जाऊन परत यायची, एखाद्या दिवशी वाटेतच मान टाकायची. मी सगळा दोष आत्यांच्या बोटावर ठेवत होते.

दिवाळी तोंडावर आली होती. वस्तीवरच्या बऱ्याच जणी सणानंतर ऊसतोडीला जाणार होत्या, त्याआधी सगळ्या लेकरांची वजनं करायची होती. मी आयांना सांगून ठेवलं, सकाळी शेतावर जायच्या आधी लेकरं घेऊन या, मी वेळेवर येते. आदल्या दुपारी मी बॅटरीपाशी स्वतः राखण बसले. आत्यांना जवळ येऊ दिलं नाही. बॅटरीचं खोकं बरंच तापलं होतं, पण ऑक्टोबरचं ऊनच तसं, म्हणून मी सोडून दिलं.

सकाळी ओढ्याच्या पुलापर्यंत सायकल झकास गेली. पुलानंतर चढ लागतो. चढाच्या मध्यावर झटका बसल्यासारखी मोटर बंद पडली. दिवे गेले, सगळंच गेलं. थोडं थांबून चालू केली की दहा-वीस पावलं जायची आणि परत बंद. वजनकाटा, पाकिटं आणि ती मेलेली सायकल ढकलत मी वर पोहोचले, तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. अंगणवाडीच्या ओट्यावर कुणीच नव्हतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाया लई येळ बसल्या की. मुकादम वरडाय लागला, गेल्या सोयाबीन काढाय."

मी ओट्यावर बसले आणि रडले. गुडघ्यासाठी नाही. वेळेवर येते असं मीच सांगितलं होतं.

त्या दिवशी आत्यांनी बटणाला हात लावला नव्हता. तेव्हा दोष दुसरीकडं होता. घरी आल्यावर मी बॅटरी आणि चार्जर अंगणात शेजारी ठेवले आणि डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचली. चार्जर शिशाच्या बॅटरीसाठीचा होता. तो जेवढे व्होल्ट देत होता ते नव्या बॅटरीच्या हद्दीच्या वर होते. तिच्या आतलं संरक्षण येणारी वीज पुन्हा पुन्हा तोडत होतं, म्हणून तो दिवा हिरवा-लाल करत होता. आणि खोकं एका बाजूनं किंचित फुगलं होतं; अशी बिघडलेली बॅटरी चढावर तग कशी धरणार? आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उमरगा. दुकानदारानं फुगलेली बाजू बघितली आणि दिरांना म्हणाला, "दादा, घरी चार्जिंग नीट करत न्हाईत बाया."

दीर तसे कमी बोलणारे. त्या दिवशी म्हणाले, "सायकल वहिनींची हाय. त्यांच्याशी बोला."

मग मी बोलले. जुनाच चार्जर लावा असं कोण म्हणालं, इथपासून सुरू केलं. आवाज चढला होता माझा. बाहेरच्या टपरीवरचे दोघं-तिघं आत डोकावले. बऱ्याच वेळानं त्यानं लिथियमचा योग्य चार्जर काढून दिला. बॅटरी बदलून द्यायला मात्र ठाम नकार. फुगलेली परत घेत नाही म्हणाला.

ती बॅटरी पुन्हा घरात लावायची माझी हिंमत झाली नाही. दुसरी मिळायला दिवाळी उलटून गेली. या वेळी चढ, ओझं, अंतर सगळं आधी विचारलं, तिच्याबरोबरचाच चार्जर घेतला, आणि दुकान बदललं. आता चार्जिंग ओसरीत होतं, मी समोर असताना. आत्या अधूनमधून येऊन खोक्यावर पालथा हात ठेवतात आणि मान हलवून आत जातात.

ही दुसरी बॅटरी येईपर्यंत मी वस्तीवर पायीच जात होते. राहिलेली वजनं जमतील तशी केली. तिघा लेकरांची राहिलीच. त्यातलं एक आधीपासूनच वजनात कमी होतं, त्याला महिन्याच्या महिन्याला तोलायचं होतं. मी पोहोचले तेव्हा त्या लेकराच्या खोपटाच्या दाराला काट्याची फांदी लावलेली होती. ऊसतोडीची टोळी पहाटेच साखर कारखान्याकडं गेली होती.