राऊत सरांचे लॅपटॉप

आमच्या शाळेत लॅपटॉप आले त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. पोरं त्याच ढिगावर झोपायची अन् केसात रुई घेऊन शाळेत यायची. त्या लॅपटॉपच्या गोष्टींचंही तसंच आहे बघा, झटकाव्या तितक्या निघतात!

शाळा मुकुटबनच्या अलीकडे, आठवीपर्यंतची. मी विज्ञान शिकवायची. मुख्याध्यापक राऊत सर, रिटायरमेंटला टेकलेले. खोकी उघडल्याबरोबर म्हणाले, "यंत्र हाय मॅडम. पूजेबिगर हात नाई लावाचा!"

नारळ त्यांनी असा जोरात फोडला की पाणी थेट कीबोर्डवर! लॅपटॉप वाचला, पण 'म' कायमचा गेला.

पुढच्या आठवड्यात सरांनीच त्यावर निबंध टाइप करायला दिला, 'माझा मामा'. स्क्रीनवर आलं, 'ाझा ाा'.

सरांनी चष्मा वर केला. "मामा कुठं गेला रे?"

अख्खा वर्ग ओरडला, "नारळाच्या पाण्यात!"

*

दुसरा एक लॅपटॉप तापून बंद पडायचा. आम्ही तो रफीकभाईंकडे नेला. त्यांचा धंदा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, पण नाही म्हणणं त्यांना माहीत नव्हतं. मागचं झाकण खोललं, तर पंख्यात ही रुई! पोरांच्या कपड्यांवरून गेलेली.

रफीकभाई ती चिमटीनं ओढतायत, ओढतायत, संपेचना. शेवटी म्हणाले, "मॅडम, लॅपटॉप तो ठीक हो जाएगा. रजाई कितनी बड़ी बनाऊँ?"

*

पालकसभेत म्हटलं, लॅपटॉपचा उपयोग तरी दाखवू. बोंडअळीचा व्हिडिओ लावला. अळी स्क्रीनभर मोठी होऊन वळवळायला लागली. पहिल्याच रांगेत महादेवकाका बसलेले. त्यांचं निम्मं शेत तिनं खाल्लं होतं. काका उठले, चप्पल काढली अन् फाडकन हाणली!

"मेली काय?" काकांनी विचारलं.

"अळी नाही काका. स्क्रीन मेली."

*

लोडशेडिंग इतकं, की बॅटरी जपून वापरावी लागे. म्हणून मी पोरांना स्लीप मोड शिकवला. आठवीतली पुष्पा सगळ्यांत आधी शिकली. हुशार पोरगी, पण पहाटेपासून आईसोबत कापूस वेचून यायची.

एकदा भर वर्गात बेंचवर डोकं टाकून झोपली. मी म्हटलं, "पुष्पे, झोपली काहून?"

डोकं न उचलता म्हणते, "बंद नाई पडली मॅडम. स्लीप मोडवर हाय. बटन दाबा, सुरू होतो!"

मी प्रकाशसंश्लेषण विचारलं. तिनं धडाधडा सगळं सांगितलं अन् परत डोकं टाकलं.

*

मग शाळेची माहिती कॉम्प्युटरवरूनच पाठवायची, असा आदेश आला. राऊत सरांना टाइप करता येईना. मधल्या सुट्टीत पुष्पा त्यांना शिकवायला लागली.

एका दुपारी पुष्पाची आई आली. "मॅडम, पोरीचा दाखला द्या. वेचाले माणूस भेटून नाई राह्यला. अन् आठवी लय झाली पोरीच्या जातीले."

त्या हंगामात अशाच दोन पोरी शाळा सोडून गेल्या होत्या. मी त्यांच्या घरी जाऊन विनवलं होतं, कोणी ऐकलं नव्हतं. दाखल्यावर सही सरांची, म्हणून मी तिला ऑफिसकडे घेऊन गेले.

दारातच ती थबकली. आत राऊत सर एका बोटानं टाइप करत होते. शेजारी पुष्पा, हातात पट्टी.

"सर, किती डाव सांगू? स्पेस द्या, स्पेस! घरी प्रॅक्टिस नाई केली ना?"

सर मान खाली घालून म्हणाले, "पाहुणे आलते."

"रोजच कसे येतेत पाहुणे? लिहा परत!"

सरांनी मुकाट्यानं परत सुरू केलं.

आई पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, "राहू द्या मॅडम. चाललो मी."

"अन् दाखला?"

"सर लयच कच्चे हायेत वो. त्यायले असं अर्ध्यात सोडून कशी नेऊ?"