ओला कागद

कात्रीच्या व्यापाऱ्याने मला फसवले. मी आणि शेजारच्या सलूनमधल्या विलासने जपानी कात्र्या त्याच्याकडूनच घेतल्या. विलासची केसांतून मुकाट फिरते, माझी कुरकुरते.

"अण्णा, त्यांनी आधी माझी बोटं मापली, मग धार पारखायला ओला कागद कापून बघायला लावला," विलास सहज म्हणाला.

मला व्यापाऱ्याने फक्त भाव सांगितला आणि मी घासाघीस करत बसलो. फुटपाथवरच्या खुर्चीपासून मी हा हात घडवलाय. आता केस कापताना भिंतीपलीकडून विलासच्या कात्रीचा आवाज येत नाही आणि तेच मला टोचते. भाव मी पाडला, कबूल. पण व्यापाऱ्याने माझा हात का पाहिला नाही, याचे उत्तर त्याने माझ्या दुकानात येऊन द्यावे.