वाऱ्यात कोल्ह्याला बोलावताना

वाखनिंगन या डच गावात येऊन तीन वर्षं झाली, तेव्हा मी कोल्ह्याच्या शिकारीला गेले. एरवी माझं काम म्हणजे प्रयोगशाळेत बसून बटाट्याच्या पानांवरचे डाग तपासायचे. मला नेलं ते आमच्या शेजाऱ्यांनी. वय सत्तरीच्या पुढे, गाई विकून निवृत्त झालेले शेतकरी, शिकारीचा रीतसर परवाना असलेले. त्यांच्या कुरणात वसंतात लांब चोचीचे ग्रुतो पक्षी येतात आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. गेल्या वर्षी कोल्ह्याने एकही घरटं शिल्लक ठेवलं नव्हतं.

त्या दुपारी वारा असा सुटला होता की मी सायकल हातात धरून चालतच त्यांच्या फाटकापर्यंत गेले.

"अशा वाऱ्यात जायचं?" मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं.

"वाऱ्यात तुझी चुळबुळ ऐकू जाणार नाही," ते म्हणाले. "वास मात्र जाईल. कोल्हा नेहमी वळसा घालून वास घ्यायला बघतो. म्हणून तू माझ्या पाठीला पाठ लावून बस. दिसला तर कोपराने ढोस. बोलायचं नाही."

पाण्याच्या चराशेजारी विलोची झुडपं होती, त्यांच्या आडोशाला आम्ही बसलो. त्यांनी खिशातून छोटी शिट्टी काढली. जखमी सशासारखा आवाज काढायची ती शिट्टी. वारा जोरात असला की ते थांबायचे, जरा पडला की दोनतीनदा वाजवायचे. पाव तास झाला की उठून पुढच्या झुडपाशी. आवाज लांब जात नाही, तेव्हा आपणच जायचं, असा त्यांचा हिशेब. तिसऱ्या झुडपापर्यंत माझे कान बधिर झाले होते आणि नाक गळत होतं.

चौथ्या ठिकाणी त्यांचे गाल दुखायला लागले. त्यांनी शिट्टी पुसून माझ्या हातात दिली. मी फुंकली. लहान मुलांचे ते पिकपिक वाजणारे बूट असतात ना, अगदी तसा आवाज आला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबलं आणि पुन्हा फुंकली. जरा बरं जमलं. तिसऱ्यांदा फुंकताना तर मला त्या सशाची दयाच यायला लागली.

आणि चरातून कोल्हा वर आला. लांबून नाही, माझ्यापासून पाच पावलांवर. अंगावरचे केस वाऱ्याने पिंजारलेले, एक पाय उचललेला, नजर सरळ माझ्या तोंडातल्या शिट्टीवर. मी कोपराने ढोसायला हवं होतं. पण पुण्यात आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी मला बारा वर्षं जे शिकवलं होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हाड!"

शिट्टी चिखलात पडली. ते वळेपर्यंत कोल्हा चर ओलांडून पार गेला होता. त्यांनी शांतपणे बंदुकीतली काडतुसं काढली.

"काय म्हणालीस?"

मी अर्थ सांगितला. कुत्र्याला हाकलायला म्हणतात.

"कोल्ह्यालाही कळतं म्हणजे," ते म्हणाले आणि मग इतके हसले की त्यांना झुडूप धरावं लागलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पक्ष्यांची अंडी माझ्यामुळे जाणार, असं वाटत होतं. तसं मी म्हणालेही. त्यावर ते म्हणाले, "एवढ्या जवळून मीही चुकलो असतो," आणि शिट्टी चिखलातून उचलून माझ्या रुमालाला पुसली.

पुढच्या शनिवारी ते एकटेच गेले आणि त्यांनी कोल्हा मारला. तोच होता की दुसरा, कोण जाणे. मला आधी वाईट वाटलं. मग मे महिन्यात त्यांनी दुर्बीण देऊन कुंपणापाशी उभं केलं, तेव्हा गवतात ग्रुतोची चार पिल्लं लांब पायांवर धडपडत चालताना दिसली. किती तरी वेळ मला दुर्बीण खाली ठेववेना.