त्याच्या सीडी मी ऐकल्या

नवऱ्याच्या कानाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर हेवी मेटलच्या तीन नव्या सीडी मागवल्या. ऑफिसातून दोन आठवडे सुट्टी मिळणार होती. एवढी सलग सुट्टी त्याला लग्नातही मिळाली नव्हती. घरी नुसतं पडूनच राहायचं आहे, तर निदान नवे अल्बम शांतपणे ऐकून होतील, असा त्याचा विचार. कानाचं ऑपरेशन आणि गाणी ऐकणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्याचं काम होतं आणि त्यात तो हुशार समजला जायचा.

आम्ही तेव्हा कॉव्हेंट्रीत राहत होतो. भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या रांगेतलं एक घर भाड्याने घेतलं होतं. मी नागपूरहून येऊन दीड वर्ष झालं होतं. सकाळी जवळच्या प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट म्हणून जायचे आणि एक वाजता घरी यायचे. नवरा घरी असला की हेडफोन लावून बसायचा. त्याचं संगीत म्हणजे माझ्या लेखी त्याच्या डोक्याचं हलणं, एवढंच. आवाज कधी बाहेर आलाच नव्हता.

त्याच्या डाव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक होतं. उजवा कानही यथातथाच. ऑपरेशन व्यवस्थित झालं. डाव्या कानात औषधाची पट्टी कोंबलेली, वर कापूस, आणि पहिले काही दिवस डोक्याभोवती भलंमोठं बँडेज. निघताना नर्सने रोज घालायचे ड्रॉप्स आणि एक कागद दिला. सहा आठवडे पोहायचं नाही, विमानात बसायचं नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, हेडफोन नाही, मोठा आवाज नाही. टॅक्सीत त्याने तो कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. त्याने तिन्ही सीडी पांघरुणावर मांडल्या, आतल्या पुस्तिका काढल्या, वास घेतला, गाण्यांचे शब्द वाचले. मग माझ्याकडे बघून म्हणाला,

"तू ऐक. आणि मला सांग."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"काय?"

"मला काय कळतंय म्हटलं."

"काय?"

शेवटी मी शाळेतून आणलेली एक निळी वही घेतली आणि तीत लिहून त्याला दाखवलं. त्याने वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं, "कळायची गरज नाही. ऐकू येतंय ना, बस." खरं तर मला ऐकू येत होतं, त्यामुळे तो बोलूनही सांगू शकला असता. पण वहीत मी लिहिलं म्हणून त्यानेही लिहिलं, आणि मग तेच चालू राहिलं.

नियम त्याने ठरवले. मी खाली हॉलमध्ये ऐकायचं, तो वर बेडरूमचं दार लावून थांबणार. आवाज निम्म्यापेक्षा कमी ठेवायचा नाही, तो अल्बमवर अन्याय होतो. मधलं गाणं गाळायचं नाही. भाजी चिरत ऐकायचं नाही.

पहिल्या सीडीवर कवटी होती. मी सोफ्यावर ताठ बसून, मांडीवर वही घेऊन ऐकली. त्या दिवशी लिहिलेलं मला अजून आठवतं. "नऊ गाणी आहेत. पहिल्या गाण्यात एक माणूस ओकतोय. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्यात जरा बरा होतो असं वाटतं, पण नाही. मागे ढोल वाजवणाऱ्याला कुठेतरी जायची घाई आहे." त्याने समासात लिहिलं, "तो ओकत नाहीये. त्याला ग्राउल म्हणतात. ढोल नाही, ड्रम्स. दोन पायांनी वाजवतोय का एका?" हे ऐकून कसं कळणार? मी पुन्हा खाली गेले, पुन्हा लावली आणि येऊन लिहिलं, "दोन. बहुतेक तीन." तो खूश झाला.

दुसऱ्या सीडीवर बर्फाचा डोंगर. तीत चारच गाणी, पण एकेक आपल्या रात्रीच्या बातम्यांएवढं लांब. सुरुवातीला बराच वेळ नुसता वारा वाहत होता. मी उठून खिडकी बघितली, मग मागचं दार बघितलं, मग सीडी काढून ओढणीने पुसली. पुन्हा लावली, पुन्हा वारा. वर जाऊन विचारलं तर म्हणाला, "वारा आहे त्यात. तो नॉर्वेचा आहे." मी परत येऊन तो वारा पूर्ण ऐकला. नंतर जो किंकाळ्या मारणारा सुरू झाला, त्याच्याबद्दल लिहिलं, "याला थंडी सहन होत नसावी. इतक्या उंच जायला कुणी सांगितलं होतं?" त्याने प्रश्न विचारला, "पण वातावरण कसं आहे?" मी लिहिलं, "ढगाळ."

वर काय चालायचं ते मला चौथ्या दिवशी दिसलं. मी काही विचारायला मध्येच जिना चढले, तर हा गुडघ्यावर बसून दोन्ही तळहात जमिनीला टेकवून होता. लाकडी जमिनीतून खालचा ठोका हाताला जाणवत होता म्हणे. मी परत खाली आले आणि आवाज दोन खुणा वाढवला.

त्या आठवड्याच्या शेवटी मी शाळेतून आले, तर दारातल्या फटीतून एक पाकीट आत पडलेलं होतं. वर फक्त नवऱ्याचं नाव, हाताने लिहिलेलं. पोस्टाचा शिक्का नाही. त्याने उघडलं, आत एक घडीपत्रक होतं. तो बराच वेळ वाचत राहिला आणि माझ्या हातात देत म्हणाला, "हे कशाबद्दल आहे?"

पहिलीच ओळ होती : घरात तुम्हाला कुणाची भीती वाटते का?

खाली लिहिलं होतं की पुरुषांवरही घरात अत्याचार होतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि कुणाशी तरी बोला. मी वहीत लिहिलं, "आज कुणाशी बोललास?"

शेजारच्या घरात एक म्हातारं इंग्रज जोडपं राहायचं. त्यातले गृहस्थ मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सकाळी नवरा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता, डोक्याला बँडेज, आणि ते कुंपणाशी आले. तिथे काय बोलणं झालं ते त्याने मला सगळं सांगितलं. म्हणजे त्याला जे ऐकू आलं ते.

"त्यांनी विचारलं, कसं काय. मी म्हटलं, दुखतंय थोडं. मग काहीतरी विचारलं, रोज का असं काही. मी म्हटलं, हो, रोज, दुपारी जेवणानंतर."

"ते कशाबद्दल विचारत होते?" मी वहीत लिहिलं.

"ड्रॉप्सबद्दल असणार ना. तू ड्रॉप्स घालतेस ते."

"मग?"

"मग ते जरा जवळ आले आणि म्हणाले, शी समथिंग समथिंग. मी म्हटलं, ती माझ्या भल्यासाठीच करते. सुरुवातीला मी ओरडायचो, आता सवय झाली."

मी सोफ्यावर बसले. रोज एकच्या सुमाराला शाळेतून आलेली बायको, त्यानंतर भिंतीपलीकडून तासभर आदळआपट आणि माणसाच्या किंकाळ्या, आणि सकाळी बँडेज बांधलेला नवरा कपडे वाळत घालतोय. त्यांच्या जागी मी असते तर पोलिसांनाच बोलावलं असतं.

मी कवटीची सीडी घेतली, वही घेतली, आणि तशीच शेजारी गेले. दार बाईंनी उघडलं. त्यांचा चेहरा मी आजवर पाहिला होता तसा नव्हता. मी म्हटलं, "मी नवऱ्याला मारत नाही." एवढ्या एका वाक्यासाठी मी रस्त्यात किती शब्दांची जुळवाजुळव केली होती, पण तोंडातून हेच आलं.

त्यांनी मला किचनमध्ये बसवलं. खिडकीत रेडिओवजा एक सीडी प्लेयर होता. त्यात मी ती सीडी घातली आणि पहिलं गाणं लावलं. बाई हात पुसायचा टॉवेल धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हा आवाज. अगदी हाच." आणि खुर्ची ओढून खाली बसल्या. "त्याला कुणीतरी पाणी द्यायला हवं, लव्ह."

गृहस्थ मात्र मान तिरकी करून ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "हे तर आमचं प्रेस शॉप." कारखान्यात पत्र्याला दाबून गाडीचे दरवाजे, बॉनेट करतात, तिथे त्यांनी तीस वर्षं काढली होती. एक मोठं मशीन असं पडायचं, मग दोन छोटी, मग पुन्हा मोठं. त्यांनी टेबलावर मुठीने वाजवून दाखवलं, आणि खरोखरच ते ड्रम्सशी जुळत होतं. "गाणारा नको आम्हाला," ते म्हणाले, "पण मशीन चांगलं चाललंय." हे मी तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. घरी नवऱ्याने ते वाचलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, आतापर्यंतचा हा सगळ्यात जाणकार अभिप्राय आहे. मला थोडा रागच आला.

तिसरी सीडी बोकडाची. काळ्या पार्श्वभूमीवर एक बोकड समोर बघतोय. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ते तोंड मला आवडलं नव्हतं. पण तिच्यातलं सगळं सावकाश होतं. एकेक सूर जड सामानासारखा उचलून ठेवल्यासारखा यायचा, आणि माणूस चक्क गात होता. चौथ्या गाण्यात मला एकाएकी माझ्या नागपूरच्या मैत्रिणीची आठवण आली, जिच्याशी भांडून मी इकडे आले होते आणि जिला नंतर एकदाही फोन केला नव्हता. शब्दांत तसं काही नव्हतं. पुस्तिकेत बघितलं तर ते गाणं समुद्रातल्या कुठल्या राक्षसाबद्दल होतं. मी ते तीनदा ऐकलं. शेवटी लिहिलं, "हे तू स्वतः ऐक." नवऱ्याने खाली पाच प्रश्न लिहिले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "बोल, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. एक बोकडाची सीडी ऐकली." मग आम्ही तासभर बोललो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी कान तपासला आणि हळू आवाजात ऐकायला परवानगी दिली. त्याने घरी येऊन हात धुतले, आणि माझ्या आग्रहाने पहिल्यांदा बोकडच लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चौथं गाणं आलं, गेलं. त्याचं डोकंसुद्धा हललं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "यांचे जुने अल्बम जास्त चांगले होते. आता मऊ पडलेत."

"मऊ?"

"म्हणजे चांगलं आहे. पण पसरट."

"तुझ्या डोंगरवाल्यांचा पाच मिनिटं वारा चालतो, तो पसरट नाही?"

"ते वातावरण आहे."

आमच्या लग्नातलं ते पहिलं खरं भांडण. त्याआधी आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत होतो, दोघंही चुकून काही बोलायला नको म्हणून. त्या दिवशी मी म्हटलं, की तुझा नवा कान जुन्यापेक्षा वाईट आहे. तो म्हणाला, की दीड महिन्यापूर्वी तुला ग्राउल आणि ओकणं यातला फरक कळत नव्हता. मी म्हटलं, अजूनही कळत नाही, कारण तो नाहीच आहे. शेजारी नक्की सगळं ऐकू गेलं असणार, पण या वेळी पत्रक आलं नाही.

शनिवारी तो स्वतःहून म्हणाला, "टाउनमध्ये सीडीचं दुकान आहे, येतेस?" एका गल्लीत, अरुंद जिना चढून जायचं दुकान होतं. काउंटरवर पांढरी दाढी असलेला एक माणूस चहा पीत होता. त्याने नवऱ्याकडे बघून विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, "मला हवंय. सावकाश असेल असं. गाणारा गाणारा असावा, आणि वारा कमी."

दाढीवाल्याने कप खाली ठेवला. "अलीकडे काय ऐकलंत?"

मी बोकडाचं सांगितलं. तो म्हणाला, "या वर्षातला सगळ्यात चांगला." नवरा भिंतीवरचं पोस्टर वाचू लागला. दाढीवाला मागच्या कपाटाशी गेला आणि दोन सीडी घेऊन आला, एकीवर पडकं चर्च, एकीवर नुसता काळा रंग. दोन्हींबद्दल तो इतक्या आस्थेने बोलला, की मी दोन्ही घेतल्या. नवऱ्याने पिशवी धरली. बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली. मी चर्चवाल्या सीडीचं प्लास्टिक दाताने सोलून काढलं आणि पुस्तिका वाचायला घेतली. तो खांद्यावरून वाचायला लागला, तर मी ती थोडी त्याच्या बाजूला कलती केली.