सासूबाईंसमोर दिलेली शेवंती
शेवंतीचा वास आला की मालक लढाईहून परतले तो दिवस आठवतो. लग्नानंतर दोन महिन्यांत ते पलटणीबरोबर आधी आफ्रिकेला, मग इटलीला गेले होते, ते चार वर्षांनी येत होते. साताऱ्याची मोटार आली तेव्हा मी पदर सावरत सासूबाईंच्या मागे उभी होते, भोवती अख्खा गाव. खाकी कपड्यांतले मालक उतरले, तर हातात पिवळ्याधमक शेवंतीची जुडी! ते आईच्या पाया पडले. फुलं देवासाठी आणली असतील म्हणून सासूबाईंनी हात पुढे केला. "न्हाई आये, ही हिच्यासाठी हायती," म्हणत त्यांनी चारचौघांत फुलं माझ्यापुढे धरली. "तिकडं बायकूला अशीच देत्यात." तेव्हा मोठ्यांदेखत नवरा-बायको बोलतसुद्धा नसत. माझा हात उचलेना. सासूबाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, घे की! चार वरसं वाट बघितलीस न्हवं?" बायका खळखळून हसल्या. मी फुलं घेतली. संध्याकाळी सासूबाईंनीच ती माझ्या अंबाड्यात माळली आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यानं मला कवा पान बी दिलं न्हाई." आता मी त्यांच्या वयाची झाले आहे. त्याच जुडीतलं एक फूल त्या संध्याकाळी मी त्यांच्या केसांत खोवलं, याचा आनंद मला अजून पुरतो.