सही दोघांची

आमच्या घरात कमावते ती बायको. नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरात एका वीजकंपनीत ती इंजिनिअर आहे. मी पुण्यातली नोकरी सोडून तिच्यामागून इथं आलो आणि मुलगी झाल्यावर घर सांभाळायला लागलो. आम्हा दोघांना ते मान्य होतं, बाबांना नव्हतं. सोसायटीत ते ‘मुलगा वर्क फ्रॉम होम करतो’ असं सांगायचे. ते अगदीच खोटं होतं असं नाही. काम करत होतोच, तेही घरातच!

या वर्षी आईचा गुडघा दुखत होता म्हणून बाबा एकटेच आमच्याकडे आले. ‘नोकरीचं काय?’ हा प्रश्न त्यांनी मेतकुटाच्या डब्याशेजारी बॅगेत भरून आणलाय, हे मला ठाऊक होतं. विचारत मात्र नव्हते. मी पोळ्या लाटल्या की बघायचे, सुनेच्या हातात डबा दिला की बघायचे आणि खाकरून गप्प बसायचे. एकदाचं विचारून टाकतील तर बरं, असं मला वाटायचं. उत्तर काय देणार होतो, देव जाणे.

एका रविवारी दुपारी बायको टॅक्स भरायला बसली. बाबा बँकेतून रिटायर झालेले, अर्ध्या सोसायटीची रिटर्न्स हौसेनं भरून देणारे. त्यांनी लगेच खुर्ची ओढली. ऑनलाइन फॉर्ममध्ये तिचा पगार आधीच भरून आला होता. माझ्या नावापुढं शून्य. बाबांनी चष्मा काढून पुसला. मी मान खाली घालून मेथी निवडत राहिलो.

“अरे, नगरपालिकेनं घराची किंमत किती कळवलीय?” बायकोनं विचारलं. मी सांगितली. “आणि कर्जाचं व्याज?”

“सगळं तुझ्या नावावर दाखव. पगार तुझाच आहे.”

मी भाजी धुवायला उठलो.

“थांब, तुझी सही राहिलीय.”

“त्याची कशाला?” बाबा म्हणाले. “त्याचं उत्पन्न तर शून्य आहे.”

“असू दे की, बाबा. आम्ही एकत्र भरतोय, दोघांची सही लागते. त्यानं केल्याशिवाय माझंही पुढं जात नाही.”

आमटीत मीठ कमी आहे, इतक्या सहज ती हे बोलली. मी हात पुसले, फोनवर डिजीडी हे इथलं सरकारी ॲप उघडून सही केली. बायकोबद्दल तर भरून आलंच, पण टॅक्सखात्यावर जीव जडलेला मी पहिलाच माणूस असेन.

बाबांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी आईला फोन लावला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

“अहो, विचारलंत का त्याला नोकरीचं?” आईनं पहिल्या झटक्यातच विचारलं.

“नाही. आता विचारायचं काही राहिलं नाही.” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. मी नळ बंद केला. “बरं, ऐक. जुलैत मी रिटर्न भरीन ना, तेव्हा तू शेजारी येऊन बस.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“कमावलं मी,” बाबा म्हणाले, “पण घर तूच चालवलंस ना?”

पलीकडून आईचा आवाजच येईना. बाबा दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाले. त्यांना वाटलं, फोन कट झाला.