सुमनकाकीचा उलटा धावणारा ट्रक

पन्नाशी ओलांडलेली बाई भर दुपारी ओसरीवर पालथी पडून, गाल फरशीला टेकवून, खेळण्यातल्या ट्रकच्या पोटाखाली बघत बसलीय, असं तुम्ही पाहिलं असतं तर तिला काय म्हणाला असता? आमच्या दिघाशी गावात लोकांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हणून घेतलं. सुमनकाकीने ऐकूनही घेतलं. "व्हय, येडी झालेय. आता जरा उजेडातनं बाजूला हो," एवढंच तिचं उत्तर.

महिन्याभरापूर्वी एका रविवारी सकाळी रंजनाचा फोन आला. काकी आणि रंजना गावात शेजारणी आणि वडप्याच्या एका गोदामात, एकाच शिफ्टला, माल भरण्याच्या कामावर. "काकी गेली गं... छातीत दुखतंय म्हनाली, गाडी बोलवेपर्यंत..." मग रडता रडताच म्हणाली, "आनि तो ट्रक मांडीवरच व्हता गं. चालू. चाकं आपली गरागरा फिरतायत हवेत." मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. काकीला ओळखणाऱ्या सगळ्यांचं त्या दिवशी असंच झालं असणार.

हा नाद तिला लागला तो एका पोत्यामुळे. तिची बहीण ठाण्यात घरकाम करते. तिथल्या कुटुंबाने घर बदलताना एकमेकींत खटकन बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचं अर्धं पोतं तिला देऊन टाकलं. त्यात दातेरी चाकं होती, दोन मोटारी होत्या, बॅटरीचा डबा होता. कसं जोडायचं ते सांगणारं पुस्तक मात्र नव्हतं. पोतं काकीच्या नातवासाठी आलं. नातवाने दोन दिवस खेळून पुन्हा मोबाईल धरला आणि काकीने पोतं धरलं. पुस्तक नसल्याने तिने रोज डोळ्यांसमोर असायचं तेच बांधलं. पहिल्या ट्रकची मागची बाजू बघून मी थक्क झाले. दोन झडपांचं दार, त्याची कडी, ताडपत्रीचे हूक, लाल दिवे, काही म्हणता काही राहिलं नव्हतं. पुढे मात्र सपाट भिंत!

"काकी, याला तोंड कुठंय?"

"मला काय ठावं? ट्रक माझ्याकडं कायम पाठ करूनच येतो."

बटण दाबलं तर ट्रक मागे पळाला. मी शहाणपणाने सांगितलं, मोटार उलटी बसलीय. काकीने माझ्याकडे अशी काही नजर टाकली... "उलटी कशी? डॉकला ट्रक असाच लागतो, लीडर." मी कामगारांवर पानंच्या पानं लिहायची. पण आठ वर्षं ट्रक भरणाऱ्या बाईला ट्रकचं तोंड कधी नीट दिसलेलं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

'लीडर' हा तिचा टोमणा होता. माझे बाबा भिवंडीत लूमवर. शिफ्ट संपवून येताना खिशातून युनियनची पत्रकं आणायचे, त्यांवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे अन्याय दिसला की मी आधी पत्रक लिहिते. गोदामात अन्याय होताच. डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या ओट्याशी, ट्रक मागे येऊन उभा राहतो, ओटा आणि ट्रक यांच्यामधल्या फटीवर लोखंडी पाटा टाकतात आणि बायका त्यावरून मालाची ट्रॉली ट्रकमध्ये ढकलतात. ट्रॉलीच्या धक्क्याने ट्रक वीतभर पुढे सरकला की पाटा खाली. एकदा तो पडला तेव्हा रंजनाच्या पायाची दोन बोटं मोडली. बायकांचं मागणं एवढंच होतं की ट्रक लागल्यावर चाकापुढे लाकडी ठोकळा टाका. सुपरवायझर म्हणायचा, "ब्रेक लावणं ड्रायव्हरचं काम आहे." मग मी पत्रक लिहिलं, चांगलं दोन पानी, आणि काकीला मोठ्याने वाचून दाखवलं. शोषणाचं चाक, इतिहासाचं चाक... काकीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या कागदात चाकं लय हायत गं. ठोकळा कुठं हाय?"

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक पुन्हा वाचलं. ठोकळा खरंच कुठे नव्हता.

तोवर काकीने बांधायला घेतलं होतं. खोक्याचा ओटा, पत्र्याच्या तुकड्याचा पाटा, विटांची ट्रॉली आणि मागे येणारा तिचा ट्रक. पण ट्रॉली कितीही जोरात ढकलली तरी ट्रक हलेना. मोटारीची दातेरी चाकं त्याला घट्ट धरून ठेवत होती. "बघ की, हा ट्रक सुपरवायझरच्याच बाजूचा निघाला," मी म्हटलं. काकी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डॉकवर ड्रायव्हरांना विचारलं, तेव्हा एक जण म्हणाला, "काकी, गाडी गियर में है तो नहीं हिलेगी. न्यूट्रल में खडी है तो धक्का लगेगा ही." मग तिने ट्रकच्या कुशीत एक दांडी बसवली. दांडी ओढली की दातेरी चाक मोटारीपासून सुटायचं, म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये. याला तीन आठवडे लागले. कधी चाक सुटायचं पण परत अडकायचं नाही, कधी दांडीच निखळून हातात यायची. ओसरीवर पालथी पडलेली काकी लोकांनी पाहिली ती याच दिवसांत.

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळं डॉकवर मांडलं. बायकांचा घोळका बघून सुपरवायझर आला. "अरे, ये क्या खेल है काकी?" काकीने बटण त्याच्याच हातात दिलं. ट्रक घुरघुरत मागे आला आणि ओट्याला लागला. साहेब खूश. उकिडवा बसून त्याने दोनदा मागे-पुढे करून बघितलं. मग काकीने दांडी ओढली आणि म्हणाली, "साहेब, माल कमी पडतोय. तुमचा मोबाईल ठेवा बरं ट्रॉलीवर."

त्याने ठेवला. खेळात रंगलेला माणूस काहीही देतो. काकीने त्यालाच ट्रॉली ढकलायला लावली. ट्रक सरकला, पाटा निसटला आणि मोबाईल धप्पकन फटीत.

"अरे! माझा मोबाईल!"

"आमचा पाय, साहेब," काकी म्हणाली.

आधी रंजना हसली, मग सगळा डॉक हसला. काकीने फटीत आधीच घडी करून घातलेल्या ओढणीवरून मोबाईल उचलला, पुसला आणि दिला. ट्रकच्या चाकापुढे बोटाएवढं लाकूड ठेवून म्हणाली, "आता ढकला." त्याने ढकललं. ट्रक जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात दर डॉकला साखळीने बांधलेला एकेक ठोकळा आला. माझं पत्रक कुणी वाचलं होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी गेल्या आठवड्यात वडप्याला गेले होते. तीन नंबरच्या डॉकला नुसती साखळी लोंबत होती. ठोकळा कुणीतरी कँटीनचं दार उघडं ठेवायला लावला होता. काकी गेल्यावर तीनच आठवड्यांत! ड्रायव्हर घाई करत होता, सुपरवायझर "आजचा दिवस चालवून घ्या" म्हणत होता. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात रंजनाने ट्रॉली सोडली आणि ओट्यावर बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग सगळ्याच. "ठोकळा आल्याबिगर चढनार न्हाय," रंजना म्हणाली. आवाज चढवला नाही, घोषणा दिली नाही. एकीने डबा उघडून लोणचं फिरवलं, मलाही एक फोड मिळाली. ती संपायच्या आत कँटीनचं दार धाडकन मिटल्याचा आवाज आला आणि ठोकळा हजर झाला.

काकीसाठी सभा घ्यावी, फोटोला हार घालावा, असं काही जण सुचवतात. घ्या, घाला. पण माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या दुकानामागे, कारखान्यात, सोसायटीच्या फाटकाशी सामानाचा ट्रक लागेल, तेव्हा कुणी आत चढण्याआधी चाकापुढे ठोकळा आहे का ते बघा. नसेल तर चढणाऱ्याला थांबवा, आणि ठोकळा येईपर्यंत तुम्हीही तिथून हलू नका.